महाडचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडावर निघालेली गाडी महाडात चहापुरती थांबते. मार्च महिन्यात चवदार तळ्यावर येणारी माणसे तळ्याला वंदन करून रात्रीच्या एसटीने परत जातात. दोघांनाही महाड अर्धेच दिसते. बाहेरगावी असलेले नातलग, शाळेचा प्रकल्प करणारी मुले, पहिल्यांदा येणारे पाहुणे मला गेली कित्येक वर्षे तेच ते प्रश्न विचारत आले आहेत. त्यांची उत्तरे इथे एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे. काही उत्तरे बरीच लांबली आहेत. त्या गोष्टी दोन ओळींत उरकाव्यात असे मला वाटत नाही.

महाड नेमके कुठे आहे?

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सावित्री नदीच्या काठी. मुंबई-गोवा महामार्ग गावाला लागूनच जातो. रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेचे वीर स्थानक जवळ पडते. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते. त्यामुळे जुन्या कागदांत शोध घेताना 'महाड, जिल्हा कुलाबा' असेच पाहावे लागते. नाहीतर निम्मे कागद हातून सुटतात.

गाव किती जुने आहे?

गावाच्या वेशीवरच पाले गावच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. सुमारे तीस बौद्ध लेणी, सातवाहनकाळाच्या आसपासची. त्यांतल्या एका शिलालेखात काणभोअ वेण्हुपालित या राजकुमाराचे नाव येते. लेणी खोदायला पैसा लागतो, आणि पैसा असतो तो वर्दळीच्या वाटेवर. खाडीतून आलेला माल इथे उतरत असे आणि घाट चढून देशावर जात असे. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनात पालेपत्मे नावाचे एक बंदर येते. ते हेच पाले, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे लेणी कोरणाऱ्यांच्या काळापासून या जागेला माणसांची ये-जा ठाऊक आहे.

महाडला खरेच बंदर होते का? समुद्र तर कितीतरी लांब आहे.

होते. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून पार महाडपर्यंत चढते. शिडाची गलबते आणि पडाव त्या पाण्याबरोबर वर यायचे आणि ओहोटीबरोबर खाली जायचे. मोठ्या आगबोटी मात्र अलीकडे दासगावलाच थांबत. दासगाव हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. वरंधा घाटाने भोर-पुण्याकडे जाता येते आणि पोलादपूरवरून महाबळेश्वरकडे. पाण्याची वाट आणि घाटाची वाट जिथे भेटते, तिथे महाड वसले. पुढे रस्ते झाले, मोटारी आल्या, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर संपले. पाणी मात्र अजून येते. जुलै महिन्यात तर नको इतके येते.

रायगड आणि महाड यांचे नाते काय?

शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून हा गड घेतला, तेव्हा त्याचे नाव रायरी होते. पुढे तो स्वराज्याची राजधानी झाला आणि ६ जून १६७४ रोजी गडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर काही दिवसांतच पायथ्याच्या पाचाडला जिजाऊ गेल्या. त्यांची समाधी पाचाडातच आहे. गडावर जाणाऱ्यांना एकच विनंती: तिथे थांबल्याशिवाय वर जाऊ नका.

राजधानीला धान्य लागते, कापड लागते, मीठ लागते. समुद्रमार्गे येणाऱ्या या मालाला गडाजवळचा उतार महाडचा. महाडहून गड साधारण २५ किलोमीटर.

पुरंदरावर १६६५ मध्ये दिलेरखानाच्या फौजेशी लढताना पडलेले मुरारबाजी देशपांडे याच तालुक्यातल्या किंजळोलीचे. तानाजी मालुसरे यांचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यात येते. समर्थ रामदासांनी जिथे बसून 'दासबोध' सांगितला अशी श्रद्धा आहे, ती शिवथरघळही महाड तालुक्यातच. पावसाळ्यात घळीसमोर धबधबा कोसळत असतो आणि आत बोललेले शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

पेशवाईत महाडचे काय?

दोनदा तरी पुण्याचे राजकारण महाडात येऊन मुक्कामाला राहिले.

पहिल्यांदा १७९६ मध्ये. सवाई माधवराव गेल्यावर गादीचा घोळ सुरू झाला. जिवाला धोका दिसताच नाना फडणवीस आधी वाईला गेले आणि तिथून घाट उतरून महाडला आले. इथे बसून त्यांनी निजाम, शिंदे, भोसले अशी सगळी सूत्रे जुळवून आणली. इतिहासात हे प्रकरण 'महाडचे कारस्थान' म्हणून ओळखले जाते. त्यातूनच दुसरा बाजीराव गादीवर आला.

दुसऱ्यांदा तोच बाजीराव आला, पळत. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत त्याचा पराभव केला. तो सिंहगड, रायगड करत महाडला उतरला आणि पुढे किनाऱ्यावरून इंग्रजांच्या मदतीने वसईला पोचला. वसईचा तह झाला ३१ डिसेंबर १८०२ रोजी. मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती.

१९२७ चा सत्याग्रह महाडातच का झाला?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच सर्वांत कमी विचारला जातो. बाबासाहेब मुंबईहून आले, सत्याग्रह केला, परत गेले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याची पेरणी इथल्या मातीत बरीच आधी झालेली होती.

कोकणातल्या महार समाजातले पुष्कळ लोक इंग्रजी पलटणीत होते. निवृत्त होऊन ते दापोली-महाड भागात राहिले. त्यांना लिहिता-वाचता येत होते, पेन्शन होती आणि जग पाहिलेले होते. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकीच एक. जन्म महाडजवळच्या रावढळचा. पलटणीतून १८८६ मध्ये बाहेर पडल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. धर्माभिमान्यांना सवाल करणारे 'विटाळ विध्वंसन' त्यांनी १८८८ मध्ये छापले. पुढे १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. एका महाराच्या मांडीला मांडी लावून बसावे लागणार म्हणून इतर सभासदांनी कुरकुर केली. सत्याग्रहाच्या बत्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दुसरे नाव रामचंद्र बाबाजी मोरे यांचे. १९०३ साली लाडवलीत जन्मलेल्या या मुलाने शिष्यवृत्ती मिळवली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेत त्याला प्रवेश नाकारला गेला. त्या वयात त्याने पत्र लिहून वर्तमानपत्रातून दाद मागितली. प्रवेश मिळाला, पण बसायला जागा मिळाली ती वर्गाबाहेर, खिडकीपाशी. बाजाराला येणाऱ्या अस्पृश्यांना घोटभर पाणी मिळत नाही हे तो रोज पाहत होता. मोठेपणी त्यांच्याच पुढाकाराने आपल्या माणसांसाठी महाडात एक चहाचे दुकान निघाले. तिथे पाणी मिळायचे आणि लोक जमायचे. परिषदेची कल्पना आणि जुळवाजुळव याच तरुणांची. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत गेले, पण महाडच्या परिषदेमागे त्यांची पायपीट आहे. ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला शाळेत सांगितली गेली पाहिजे.

तिसरे कारण कायद्याचे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला: सरकारी पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, गावात सुरबानाना म्हणून ओळखले जाणारे. ठराव झाला, पण पाणी घ्यायला कोणी धजावले नाही. घेतले असते तर कोणी घेऊ दिले नसते. मुसलमान त्या तळ्याचे पाणी भरत, इतर धर्मांची माणसे भरत, गुरेढोरे पीत. अस्पृश्यांनी मात्र बाहेरून पाणी आणायचे.

माणसे तयार होती, ठराव कागदावर होता आणि तळे गावाच्या मधोमध होते. म्हणून महाड.

१९ आणि २० मार्च १९२७ या दोन दिवसांत काय घडले?

कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड. मंडप विरेश्वर थिएटरच्या जागेत. खेड्यापाड्यांतून अडीच-तीन हजार माणसे आली होती, कित्येक दोन दिवस चालत, भाकरी फडक्यात बांधून. एवढ्या माणसांना प्यायला पाणी हवे. ते चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून भरून घ्यावे लागले. तळे अगदी पावलांच्या अंतरावर असताना. मुलांना १९२७ चे महाड समजावायचे असेल तेव्हा मी हे चाळीस रुपये आधी सांगतो.

पहिल्या दिवशी बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे, उष्टे-शिळे मागणे सोडा, मुलांना शिकवा, शेती करा, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी ठराव संपता संपता अनंतराव विनायक चित्रे उठले आणि म्हणाले की नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी आपण आत्ताच करू या. मिरवणूक निघाली. रांगेत, शांतपणे, भर उन्हातून ती तळ्यावर पोचली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि त्यांच्यामागून हजारोंनी.

परत आल्यावर लोक जेवायला बसत होते. तेवढ्यात गावात वावडी उठली की आता हे विरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला. अन्न मातीत मिळाले. गावात पांगलेल्या एकट्यादुकट्यांना गाठून मारले. काही जणांना मुसलमान घरांनी आत घेऊन वाचवले. परिषदेत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी शिपाई होते आणि उलट हात उचलायला ते एका शब्दाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही.

मग तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. शेण, गोमूत्र, दूध, दही घालून एकशे आठ घागरी पाणी ओतून, मंत्र म्हणून तळे पवित्र झाल्याचे जाहीर करण्यात आले. मी त्याच गावात वाढलो. हे लिहिताना आजही मान खाली जाते, आणि म्हणूनच ते वगळून हा इतिहास सांगू नये असे वाटते.

महाडचे सगळेच सवर्ण सत्याग्रहाच्या विरोधात होते का?

नाही. टिपणीस आणि चित्रे दोघेही कायस्थ प्रभू समाजातले. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण. या तिघांनी आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेतला. टिपणीस आणि चित्रे पुढे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे १९३७ मध्ये मुंबई विधानसभेवर निवडून गेले. पण तीन-चार नावे घेऊन गावाचे ओझे हलके करू नये. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी तळे खुले करण्याचा आपलाच ठराव मागे घेतला, हेही महाडनेच केले.

मनुस्मृती जाळली ती कधी? २० मार्चला की २५ डिसेंबरला?

२५ डिसेंबर १९२७. एकाच वर्षात महाडात दोन परिषदा झाल्या, म्हणून हा घोटाळा होतो.

मार्चच्या मारहाणीनंतर बाबासाहेबांनी ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' सुरू केले आणि पुन्हा तळ्यावर जायचे ठरवले. या वेळी गावाने तयारीनिशी वाट अडवली. परिषदेला जागा कोणी देईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. सनातनी मंडळी १२ डिसेंबरला दिवाणी न्यायालयात गेली आणि त्यांनी तळ्यावर जाण्याविरुद्ध तात्पुरती मनाई मिळवली. रस्त्याने यावे तर मोटारवाले नेणार नाहीत. म्हणून बाबासाहेब आणि बरोबरचे लोक २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले.

परिषदेच्या भाषणात त्यांनी १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेची आठवण काढली. या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे ठरवण्यासाठी तळ्यावर जायचे, असा त्या भाषणाचा रोख होता. त्या रात्री सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार, चंदनाची लाकडे रचलेल्या खड्ड्यात मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारा ब्राह्मण होता याकडे मी दर वेळी मुलांचे लक्ष वेधतो.

तळ्यावर त्या वेळी पाणी प्यायले गेले नाही. मनाईहुकूम होता. जमलेले हजारो लोक तुरुंगात जायला तयार होते, तरी लढाई सरकारशी नव्हती, म्हणून बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. तळ्याला शांतपणे फेरी घालून मिरवणूक परतली. मला ही फेरी पाणी पिण्याइतकीच मोठी वाटते.

दुसरी एक सभा फारशी सांगितली जात नाही. परिषदेनंतर बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. अंगावर जात दाखवणारी लुगडे नेसायची पद्धत आणि हातापायांतले जड कथलाचे दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. टिपणीसांच्या घरातल्या स्त्रियांनी त्यांना घोळदार लुगडे नेसायला मदत केली. सभेला आल्या होत्या त्याहून वेगळ्या नेसून बायका घरी परतल्या.

तळ्याचा खटला कोणी जिंकला?

दहा वर्षांनी सत्याग्रहींनी. महाडच्या न्यायालयात दावा फेटाळला गेला, ठाण्याला अपील झाले, मग ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. दाव्याचे नाव आजही कायद्याच्या पुस्तकात आहे: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. याच नगरपालिकेने १९४० मध्ये बाबासाहेबांना मानपत्र दिले.

आज तळ्यावर काय आहे?

बांधीव काठ, बाबासाहेबांचा पुतळा आणि मार्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसे. मनुस्मृती दहनाच्या ठिकाणी क्रांतिस्तंभ उभा आहे. २० मार्च हा सामाजिक सबलीकरण दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी महाडात या. विदर्भातून, मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेल्या आज्या तळ्याच्या पायऱ्यांवर ओंजळ भरून उभ्या असतात. ते पाहण्यासाठी तरी या.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर महाडचे होते, हे खरे का?

खरे. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी नाते गावी झाला. महाडहून रायगडाला जाताना रस्त्यावर नाते लागते. मॅट्रिकला १९१२ मध्ये पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. आयसीएसच्या परीक्षेतही १९१८ मध्ये पहिले. ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत राहिले. म्हणजे युद्ध, फाळणी आणि बँकेचे राष्ट्रीयीकरण हे सारे त्यांच्या कारकिर्दीत झाले.

पुढे ते केंद्रात अर्थमंत्री झाले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. आमच्या आजोबांच्या पिढीत त्यांची हुशारी सांगताना आवाज साधा असायचा, या राजीनाम्याची गोष्ट सांगताना मात्र चढायचा. संस्कृतवर त्यांचे अतोनात प्रेम होते, 'मेघदूता'चा मराठी पद्यानुवाद त्यांनी केला.

१९४२ मध्ये महाडात गोळीबार झाला होता का?

झाला होता. 'छोडो भारत' आंदोलनात १० सप्टेंबर १९४२ रोजी नाना पुरोहित यांच्या नेतृत्वाखाली महाडच्या कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा आला. पोलिसांच्या गोळीबारात कमलाकर दांडेकर, वसंत दाते, अर्जुन भोई, विठ्ठल बिरवाडकर आणि नथू टेकळे हे पाच जण हुतात्मा झाले. ही पाच नावे सलग वाचली की त्या मोर्च्यात कोणकोणत्या घरांतली माणसे होती ते कळते. त्याआधी पंधराच वर्षे, पाण्यावरून याच गावात डोकी फुटली होती, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

महाडला दर काही वर्षांनी पूर का येतो?

महाबळेश्वर-पोलादपूरच्या डोंगरांवर पडणारा मुसळधार पाऊस सावित्रीतून काही तासांत खाली येतो. गांधारी नदी गावाजवळच तिला मिळते. त्याच वेळी खाडीत भरती असेल तर पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही आणि ते बाजारपेठेत शिरते. नदीत साचलेला गाळ आणि पात्रात झालेले भराव यांनी अडचण वाढली, असे इथले लोक सांगत आले आहेत. ज्या भरतीने महाडला बंदर दिले तीच आता पूर अडवून धरते.

जुलै २००५ मध्ये पुराबरोबर डोंगर खचले. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांत दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा तसाच पूर आला आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक बळी गेले. आमच्या भागातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर पाण्याच्या रेघा आहेत. रंग देताना काही जण त्या मुद्दाम ठेवतात, शेजारी साल लिहितात. किती साली कुठवर पाणी होते हे विचारायचे तर कागद शोधू नका, जुन्या दुकानदाराला विचारा.

सावित्रीचा पूल कधी पडला?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी पूल पुराच्या लोंढ्यात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बसगाड्या आणि इतर वाहने नदीत पडली. सुमारे चाळीस माणसे गेली. काळोखात, धो धो पावसात जवळच्या गॅरेजमधल्या माणसाच्या हे लक्षात आले आणि त्याने रस्त्यावर धावत जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवल्या. किती जीव वाचले याचा हिशेब कोणालाच लागणार नाही. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये सुरू झाला. रात्री त्या पुलावरून जाताना महाडची माणसे आजही गाडीत गप्प होतात.

छबिना म्हणजे काय?

ग्रामदैवत विरेश्वराचा उत्सव. महाशिवरात्रीच्या सुमारास भरतो. गावोगावच्या देवांच्या पालख्या आणि सासणकाठ्या ढोल वाजवत विरेश्वराच्या भेटीला येतात. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला जसा परततो तसा छबिन्यालाही परततो.

एका दिवसात काय पाहावे?

पहाटे रायगड, उतरल्यावर पाचाड, दुपारी चवदार तळे आणि क्रांतिस्तंभ, संध्याकाळी गांधारपाले. शिवथरघळीला वेगळा दिवस ठेवा. पावसाळ्यात येणार असाल तर निघण्यापूर्वी पाऊस आणि घाटरस्त्यांची चौकशी नक्की करा.

दासगावहून महाडपर्यंत चालत येता येते का?

येते, आणि जमले तर याच. अंतर आठ किलोमीटर, सावकाश चालले तरी अडीच तास. डिसेंबरात हवा चांगली असते. रस्ता आता महामार्गाचा आहे, म्हणून पहाटे निघावे आणि कडेने चालावे. दासगावला आधी खाडीच्या काठाशी उभे राहा. 'पद्मावती' आली ती याच पाण्यातून. २००५ च्या दरडीचे गावही हेच. मग महामार्गावर या. काही वेळाने डोंगरात ओळीने कोरलेली गांधारपाले लेणी दिसू लागतात. पुढे गांधारीचा पूल, मग बाजारपेठ. गर्दीतून कोणालाही 'तळे कुठे?' एवढे विचारले की पुरते. कोणते तळे, असे महाडात कोणी विचारत नाही.